भिंतीपलीकडची मोजणी

थंडी पडली की माझ्या मुलीचे फोन वाढतात. ईरा पुण्यात किकबॉक्सिंग करते आणि त्यांच्या निवड चाचण्या नेमक्या थंडीत असतात. फोनवर ख्यालीखुशाली कमी, व्हिडिओच जास्त. एक दाढीवाला सांगतो, लढणाऱ्यानं जड वजनं मारलीच पाहिजेत. दुसरा, त्याच्याहून लांब दाढीचा, सांगतो की वजनांनी माणूस मंद होतो, उड्या मारा. तिसरा रबराचे पट्टे विकतो. "आई, तू सांग ना, ह्यातल्या कुणाचं ऐकू?" मी प्रत्येक व्हिडिओ दोनदा बघते. एकदा तो काय सांगतोय ते ऐकायला आणि एकदा तो काय सांगत नाहीये ते शोधायला. ईरा म्हणते, तुला जो तो लबाडच दिसतो. दिसतो खरा! काय करू?

हा संशयीपणा मी जन्माला येताना आणला नव्हता. तो मला जयपूरच्या एका हिवाळ्यात जडला आणि मग अंगातच राहिला.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. माझे वडील, अण्णा, फौजेत सुभेदार, आणि दोन वर्षांपूर्वी आमची बदली जयपूरला झालेली. मी सतरा वर्षांची, बारावीतली, आणि जूडो खेळणारी. बावन्न किलोचा वजनगट. जानेवारीच्या शेवटी राज्याच्या संघाची ट्रायल होती आणि मला त्या संघात जायचंच होतं. डाव मला येत होते, पकडही बरी होती, पण ताकद कमी पडायची. माझ्याच गटात सरोज नावाची मुलगी होती. मुरलीपुऱ्यात तिच्या वडिलांचं लेथ मशीनचं वर्कशॉप. ती माझी कॉलर धरायची आणि धुणं आपटावं तशी मला आपटायची. तिच्यापुढे टिकायचं तर पायांत आणि कमरेत जोर हवा होता. तो आणायचा कुठून, एवढाच प्रश्न होता. उत्तर देणारे दोघे होते आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटणारं नव्हतं.

एक माझी आई.

आई कोल्हापूरकडची, वस्तादांची मुलगी. वस्ताद म्हणजे तालमीचा गुरू. आजोबांची तालीम घराला लागून होती, मध्ये फक्त एक भिंत. तालमीत बाईमाणसानं पाऊल ठेवायचं नाही, हा तिथला नियम, आणि तो वस्तादांच्या मुलीलाही माफ नव्हता. आई लग्न होईपर्यंत त्या भिंतीच्या अलीकडे राहिली. तिकडे मेहनत चालायची, इकडे ही भांडी घासता घासता, दळता दळता ऐकायची. कुणाचा दम छाती भरून येतोय, कुणाचा घशातच अडकतोय, कोण आज कुचराई करतोय, सगळं तिला कानानं कळायचं. दोन भावांपैकी एकालाही तेवढं कळत नसे, असं ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना तिची मान जरा ताठ व्हायची.

मी जूडोला जायला लागले तेव्हा अण्णांनी कपाळाला हात लावला होता. आईनं मात्र पदर खोचला. "ताकद व्हय? त्यात काय एवढं! आमच्या तालमीत रोज पाचशे बैठका व्हायच्या. मी मोजल्यात."

झालं. नोव्हेंबरपासून रोज पहाटे पाचला रजईतून बाहेर. जयपूरची पहाट कोरडी, हाडात शिरणारी. क्वार्टरच्या मागच्या अंगणातली वाळू तळपायाला बर्फासारखी लागायची. नळाचं पाणी हाताला चावायचं. शेजारच्या क्वार्टरमधून कोळशाच्या सिगडीचा धूर यायचा आणि त्यात बाजरीच्या रोटीचा वास असायचा, तेवढीच काय ती ऊब. मी अंगणात बैठका मारायची आणि आई स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून, कणीक मळत मोजायची. एक, दोन, तीन. तिच्या आवाजाला एक ठेका होता. दोनशेच्या पुढे माझ्या मांड्या थरथरायला लागत. एकदा मी हळूच एक बैठक गाळली, नुसतीच उभी राहिले.

"एक गाळलीस," आई मागे न वळता म्हणाली.

"नाही गाळली!"

"दम ऐकू आला न्हाई मला. दोनशे चाळीस. परत."

अशा कानापुढे कोण काय बोलणार?

दुसरे राठोड सर.

राजा पार्कमध्ये एका शाळेच्या मागे आमचा हॉल होता. भुसा भरलेली गादी, वर तंबूचं जाड कापड, आणि कोपऱ्यात लोखंडी दांडा नि चकत्या. त्या चकत्या सरोजच्या वडिलांनी वर्कशॉपमध्ये घडवून दिल्या होत्या, आणि त्यांच्यावर पांढऱ्या रंगानं आकडे रंगवले होते. राठोड सर बारीक, मिशीवाले, कमी बोलणारे. त्यांचं म्हणणं, बैठका मारून कुस्तीगीर होतात, जूडोवाल्याला झटका लागतो, आणि झटका वजनातून येतो. "पाँच बार उठाओ, मगर जान लगाकर." पाच! आईच्या पाचशेपुढे पाच म्हणजे थट्टाच. मला तिथेच पहिली शंका आली की हा माणूस आळशी असावा.

सरांची एक वही होती. कुठल्याशा कोर्सला गेले होते, तिथे उतरवून घेतलेली. ती एका पत्र्याच्या पेटीत असे आणि पेटीला कुलूप. वहीतलं काय करायचं ते सर एका चिठ्ठीवर लिहून ज्याचं त्याला देत. माझी चिठ्ठी मला, सरोजची सरोजला. आता सांगा, व्यायामाच्या वहीला कुलूप कशाला? माझ्या डोक्यात भुंगा सुरू झाला. सरोजच्या चिठ्ठीत माझ्यापेक्षा बरं काहीतरी असणार. चकत्या तिच्या वडिलांनी दिल्यात, म्हणजे सर त्यांना बांधील असणारच. मी तिची चिठ्ठी मागितली तर ती म्हणाली, "सर ने मना किया है." मना किया है! माझी खात्रीच पटली.

घरी आईला मी सांगितलं नव्हतं की मी वजनं उचलते. आईचा लोखंडावर राग. "लोखंडानं अंग आखडतं. पैलवानाचं अंग कसं, लोण्यागत वळायला पायजे." आणि सरांना सांगितलं नव्हतं की पहाटे पाचशे बैठका मारून येते. ते एकदा माझ्याकडे रोखून बघत म्हणाले होते, "घर पे कुछ और तो नहीं कर रही हो?" मी म्हटलं, "नहीं सरजी." डोळे मोठे करून, अगदी देवाघरच्या मुलीसारखं. म्हणजे मी दोघांवर संशय घेत होते, दोघांशी खोटं बोलत होते, आणि दोघांचंही करत होते. एकाचं चुकलं तर दुसऱ्याचं तरी लागू पडेल, हा माझा शहाणपणा. सतरा वर्षांचा.

एका दुपारी मी त्या चकत्यांवरच संशय घेतला. रंगवलेला आकडा खरा कशावरून? हॉलमध्ये कुणी नव्हतं. दहाची चकती मी कापडी पिशवीत घातली, सायकलच्या हँडलला लटकवली आणि झोकांड्या खात राजा पार्कच्या बाजारातल्या धान्याच्या दुकानात गेले. दुकानदार गव्हाची पोती मोजत होता. मी म्हटलं, "भैया, ये तोल दोगे?" त्यानं एकदा चकतीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "बेटी, ये खाने की चीज है?" तरी त्यानं तोलली. साडेआठ किलो भरली! दीड किलोची लबाडी! मी सायकल अशी पिटाळली की विचारू नका.

सर हॉलच्या पायरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. मी चकती त्यांच्यापुढे ठेवली. "सर, ये दस नहीं है. साढ़े आठ है."

सर म्हणाले, "पता है."

"पता है?"

"पिछले हफ़्ते से ज़्यादा उठाया कि नहीं, ये बताओ. नंबर तो रंग है." आणि त्यांनी मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

आज मला वाटतं, त्या एका वाक्यात व्हिडिओतल्या सगळ्या दाढीवाल्यांचं शहाणपण मावेल. तेव्हा मात्र मला वाटलं, चोर तो चोर, वर शेंगदाणे खायला घालतोय.

डिसेंबर संपत आला तसा डावा गुडघा कुरकुरायला लागला. आधी जिना उतरताना, मग शाळेत बाकावरून उठताना. गुडघ्याच्या आत, खोल, कुणी सुई फिरवल्यासारखं. मी कुणालाच बोलले नाही. बोलले असते तर आई म्हणाली असती लोखंड, सर म्हणाले असते बैठका, आणि दोघांनाही माझं खोटं कळलं असतं. त्यापेक्षा सोपं म्हणून मी सरोजवर संशय घेतला. ही मुद्दाम मला गुडघ्यावर पाडते. मी तिच्याशी बोलणं सोडलं. बिचारी मला ओवा घातलेलं गरम तेल आणून देत होती, घरून, बाटलीतून. मी ते लावलं नाही. त्यात काय घातलंय कुणास ठाऊक!

इतकी मी वाह्यात झाले होते. खरंच सांगते, आज आठवलं की लाज वाटते.

आणि मग वही दिसली. सर पेटी उघडी टाकून पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला धावले. मी इकडेतिकडे पाहिलं आणि वही उघडली. सरांचं अक्षर, निळी शाई, वर ठळक शीर्षक: पुरुष खिलाड़ी. पान उलटलं, पुन्हा पुरुष खिलाड़ी. सगळी वही पुरुषांची. आणि प्रत्येक आकड्याच्या बाजूला पेन्सिलनं दुसरा आकडा, बरोबर निम्मा. चाळीसचे वीस. दहाचे पाच. कडेला लिहिलेलं, लड़कियाँ. म्हणजे माझ्या चिठ्ठीत आणि सरोजच्या चिठ्ठीत आकडे तेच असणार. दोघींत काही फरक नव्हताच. लपवायला त्या पेटीत काहीच नव्हतं, आणि लपवत होते ते बहुधा हेच. मुलींना काय द्यायचं ते सरांना कुणी शिकवलंच नव्हतं. ते निम्मं करत होते. माझ्या पायाखालची गादी सरकली.

ईराला मी हे सांगते तेव्हा ती म्हणते, आता तसं नाही, आता सगळं सायन्सनं चालतं. चालत असेल. पण मी तिला त्या पहिल्या दाढीवाल्याला विचारायला लावलं की हा तक्ता कुणावर करून पाहिलास? त्याचं उत्तर अजून यायचंय. मार्गदर्शक निवडायची माझी परीक्षा एवढीच आहे. त्याला काय काय येतं हे मी विचारत नाही. काय माहीत नाही, ते विचारते. जो तिथे गडबडत नाही आणि सरळ सांगतो, त्याच्याकडे पोरगी सोपवायला हरकत नाही. बाकीच्यांचे व्हिडिओ बघावेत आणि चहा घ्यावा.

वही बघितल्यावर मी वजनं उचलायची सोडून दिली. चिठ्ठी खिशात, तोंडानं "हो गया सर", आणि दांड्याला हात नाही. मनाशी म्हटलं, आपली आईच बरी. तिचं निदान पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, बापजाद्यांच्या घामातून आलेलं. पहाटेच्या पाचशे आता मी मन लावून मारायला लागले. गुडघा सुजला होता, त्यावर मी जुना मोजा ओढून घेई. ट्रायलला तीन आठवडे उरले होते.

तेवढ्यात मामा आला. आईचा धाकटा भाऊ, त्याच तालमीत वाढलेला. आठ दिवस जयपूर बघायला म्हणून आला आणि क्वार्टरमध्ये नुसता आवाज भरून राहिला. रविवारी आम्ही त्याला घेऊन जयपूरबाहेरच्या कानोत्याच्या धरणावर गेलो. ऊन कोवळं होतं, पाण्यावर बगळे होते, आणि आईनं भाकरी-पिठलं, लसणाची चटणी असं घरचं सगळं बांधून नेलं होतं. जेवायला बसताना मी दगडाला धरून बसले. मामानं ते बघितलं.

"काय गं, म्हातारी झालीस काय?"

"रोज पाचशे बैठका असतात, मामा."

"पाचशे?" त्याचा घास हातातच राहिला. "कुणी सांगितल्या?"

"आईनं. तुमच्या तालमीतल्या."

मामा असा हसत सुटला, की त्याला ठसका लागला. "अगं आक्का! ती पाचशे तालमीची मोजणी! एका माणसाची न्हवं! धा गडी गोल उभं राहायचे. ज्यो मोजायचा त्योच बैठका मारायचा. पन्नास झाल्या की फुडचा एक्कावन्नपास्नं धरायचा. बाकीचे दम खात उभे!"

आई चटणी वाढत होती. "आवाज बदलायचा," ती हळू म्हणाली. "मला वाटायचं, मारत्यात सगळी, मोजायची पाळी तेवढी बदलती."

"माणूसच बदलायचा की गं! ह्या पोरीकडनं धा पैलवानांचं करून घेतलंस!" मामाला परत हसू फुटलं. अण्णाही हसले. वाईट मनानं नाही, पण हसले.

आईनं चटणीचा डबा बंद केला. झाकण नीट बसतंय का ते दोनदा दाबून पाहिलं. "मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मी भिंतीच्या अलीकडं."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दोन महिने मी तिच्यावर मनातल्या मनात संशय घेतला होता, आणि आता तो खरा ठरला तर मला मामाचा असा राग आला की त्याच्या अंगावर पाण्याचा तांब्या ओतावासा वाटला. बाईला आत येऊ द्यायचं नाही, आणि आतलं तिला कळलं नाही म्हणून हसायचं. हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं मला उठवलं नाही. मी आपणहून उठले. ती स्वयंपाकघरात होती, कणीक मळून झाली होती, हात परातीत तसेच. मी दारात उभी राहिले.

"जा, झोप," ती म्हणाली. "आजपास्नं तुझ्या त्या सरांचं ऐक. शिकलेला माणूस हाय."

मग मी सगळं ओकले. वजनं उचलत होते ते, वही पाहिली ते, निम्म्या आकड्यांचं, गुडघ्याचं, सगळं. रडत रडत. "आई, त्यांनापण माहीत नाहीये गं."

आईनं परातीतले हात बाहेर काढले. मला वाटलं, आता एक सणसणीत बसणार. ती म्हणाली, "म्हंजे सकाळी धा गड्यांचं, आणि सांजच्याला अर्ध्या गड्याचं?" आणि तिला हसू आलं. मग मलाही. मोजा खाली करून तिनं माझा गुडघा पिठाच्याच हातानं दाबून पाहिला आणि तिचं हसू गेलं.

"तिथं आत येऊ देत्यात काय बाईमाणसाला?"

"देतात की."

"मग चल. मी येते संध्याकाळी."

ट्रायलचं इथेच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही तिकडेच कान लावून बसाल. मी उपान्त्य लढतीत सरोजकडून हरले आणि संघात ती गेली. तिनं मला नीट, स्वच्छ पाडलं. गुडघ्यावर नाही. मला राखीव म्हणूनही घेतलं नाही, आणि मी चार दिवस जेवले नव्हते. पण गुडघा त्या दिवशीही टिकला आणि आजही टिकून आहे. तो टिकला त्याला कारण ती सोमवारची संध्याकाळ आहे.

आई हिरवी इरकल नेसून आली होती, देवळात जाताना नेसायची ती. हॉलच्या दारात चपला काढल्या आणि उंबऱ्याशीच थांबली. आत मुली गादीवर आपटत होत्या, पांढऱ्या कपड्यांत, घामेजलेल्या. आईचा पाय काही उचलेना. राठोड सर पुढे आले. "बहनजी, अंदर आइए ना."

"गादीवर चालतं?" तिनं मला मराठीत विचारलं.

"चालतं, आई."

तिनं उजवा पाय ठेवला, मग डावा. पायानंच दाबून बघितलं. मग सरांसमोर उभी राहून तिच्या हिंदीत म्हणाली, "सर, इसका घुटना सूजा है. मैं सुबह इससे पाँच सौ बैठक कराती थी. मेरी गलती है. मैंने सिर्फ सुना था, देखा नहीं था."

सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ते पेटीकडे गेले, वही आणली आणि उघडून आईच्या हातात दिली. "लड़कियों का मुझे किसी ने सिखाया नहीं, बहनजी. मैं आधा कर देता हूँ." एवढ्या मुलींसमोर म्हणाले. सरोज माझ्याकडे बघायला लागली. तिलाही ठाऊक नव्हतं.

आईनं दोन पानं चाळली, वही परत दिली आणि पदर खोचला. "कर बघू एक बैठक," ती मला म्हणाली.

मी एक मारली.

"थांब." ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "परत."

मी परत मारली. ह्या खेपेला सरही वाकले.

"गुडघा आत पडतोय तुझा," आई म्हणाली. "डावा. खाली जाताना. ह्यो बघा सर, ये अंदर जाता है." तिनं तळवा माझ्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला, जरा अंतर ठेवून धरला. "ह्याच्या बाहेर राहायचं. हाताला लागला न्हाई पायजे."

 सरांनी सरोजला बोलावलं आणि तिची एक बैठक बघितली. मग आणखी एकीची. मी तशीच उभी होते. पाचशे गुणिले किती दिवस, आणि ती सगळी वजनं, आणि एवढ्या दिवसांत माझा गुडघा कुणी बघितलाच नव्हता. मीसुद्धा नाही. मी सगळ्यांच्या पेट्या आणि चिठ्ठ्या बघत होते.

"आता?" मी विचारलं. "किती मारू?"

आई गादीवर मांडी घालून बसली. "हळू मार," ती म्हणाली. "मोजू नकोस. मी बघते."